तीस मिलिग्रॅमची कुळकथा

पिऊन गाडी चालवणारा सापडला की पहिला प्रश्न असतो, आकडा किती आला? शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं, की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. मुंबई असो की हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव, माप एकच. पण हे माप कायद्यात यायला अर्धशतक गेलं.

1939च्या मोटार वाहन कायद्यात आकडा नव्हताच. गाडीवर ताबा राहणार नाही इतकी चढलेली असली पाहिजे, एवढंच म्हटलं होतं. ते ओळखायचं कसं? तोंडाचा वास घेऊन, डोळे तपासून, सरळ रेषेत चालायला लावून.

29 मे 1951च्या रात्री कुलाब्यात एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे बेहराम खुर्शीद पेसिकाका हे परिवहन खात्यातलेच अधिकारी. डॉक्टरांनी नोंद केली: तोंडाला दारूचा वास, डोळे लालसर, पण बोलणं सुसंगत, चाल सरळ. पेसिकाकांचं म्हणणं होतं, मी बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं होतं. धडकेच्या आरोपातून ते सुटले. हायकोर्टाने मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली दिलेली शिक्षा 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. औषधातलं अल्कोहोल तेव्हा बंदीबाहेर होतं, आणि पोटात गेली ती बंदी असलेली दारूच, हे सिद्ध करणं सरकारवर होतं. नुसत्या वासावरून ते सिद्ध होईना.

मग 1959 मध्ये दारूबंदी कायद्यात रक्ताचं प्रमाण आलं: 0.05 टक्के. त्याहून जास्त निघालं, तर औषधच घेतलं होतं हे आरोपीने दाखवायचं. त्याच वर्षीचे रक्तचाचणीचे नियम मुळातून वाचण्यासारखे आहेत. सुई टोचायची जागा निर्जंतुक पाण्यानेच पुसायची, स्पिरिटचा थेंबही कुठे लागू द्यायचा नाही. शिरेतून किमान पाच सीसी रक्त काढायचं, कुपीला सील लावायचं, आणि सात दिवसांच्या आत ते तपासनिसाकडे पोहोचलं पाहिजे. स्पिरिटची अट मला फार मोलाची वाटते, कारण दवाखान्यातल्या कापसाच्या बोळ्यामुळे निर्दोष माणूस अडकू नये याची काळजी तिच्यात आहे. निजामी राजवटीतून आलेला मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात सामील झाला, त्यामुळे पुढे गोरेगावकडेही हाच दारूबंदी कायदा आला.

1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या, अडखळतं बोलणं एवढ्याने भागत नाही. रक्त का तपासलं नाही?

1988च्या नव्या मोटार वाहन कायद्यात मात्र दुसरं टोक होतं. रक्तात थेंबभर अल्कोहोलही गुन्हा. 1994च्या दुरुस्तीने तिथे 30 मिलिग्रॅम आणलं आणि फुंकायच्या मशीनचं नावही कलमात घातलं. श्वासातून रक्तातलं प्रमाण काढणारं हे यंत्र अमेरिकेत इंडियाना पोलिसांत काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी 1954 मध्ये बनवलं होतं, म्हणजे पेसिकाका निकालाच्याच वर्षी.

2019 पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. लायसन्स जाऊ शकतं ते वेगळंच. पण अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावं लागतं. दवाखाना लांब, डॉक्टर जागेवर नाही, अशा खेड्यापाड्यांत हे दोन तास कसे निघून जातात ते सांगायला नको. कायदा पक्का करायचा तर आधी तिथे डॉक्टर हवा.

माणूस मेला तर गोष्ट दंडावर राहत नाही. 12 नोव्हेंबर 2006च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर झोपलेल्या मजुरांवर ॲलिस्टर परेराची गाडी गेली. सात जण गेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल निघालं. सदोष मनुष्यवधाबद्दल हायकोर्टाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली आणि ती फार कमी आहे असंही नोंदवलं. वाढवता मात्र आली नाही, कारण त्यासाठी राज्य सरकारने अपीलच केलं नव्हतं.