जैसे थे कराराचं वर्ष

आमचे आजोबा हैदराबादच्या निजामाच्या राज्याला शेवटपर्यंत मोगलाईच म्हणत. शिरूर अनंतपाळ आज लातूर जिल्ह्यात आहे. तेव्हा निलंगा-उदगीरचा हा सगळा टापू बीदर जिल्ह्यात होता. शेंगा घेऊन इंग्रज हद्दीतल्या बार्शीला जायचं म्हणजे करोडगिरीच्या नाक्यावर आधी जकात भरायची. खिशात निजामाचा हाली सिक्का, बार्शीत चाले इंग्रजांचा कलदार. ७ हाली मोजले की ६ कलदार मिळत. दोन देश म्हणजे काय, हे आजोबांना नकाशा न बघताच ठाऊक होतं.

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले. निजाम मीर उस्मान अली खान यांना मात्र स्वतंत्र राहायचं होतं. बोलणी सुरू झाली. निजामाकडून छतारीचे नवाब, सर सुलतान अहमद आणि इंग्रज वकील वॉल्टर मॉन्क्टन दिल्लीला खेपा घालत होते. समोर भारताचे गव्हर्नर जनरल माउंटबॅटन आणि संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन. ऑक्टोबरअखेर मसुदा ठरला, निजामाने होकारही भरला. पण २७ ऑक्टोबरच्या पहाटे हजारोंच्या जमावाने निजामाच्या या तिघा दूतांच्या घरांना वेढा घातला. दिल्लीचं विमान गाठणं राहूनच गेलं. जमाव कासिम रझवीच्या इत्तेहाद-उल-मुसलमीन या पक्षाचा होता, आणि रझवी कोण, तर आमच्या लातुरात वकिली करणारा गृहस्थ! त्याच दिवशी भारतीय सैन्य श्रीनगरला उतरलं. दिल्ली काश्मीरमध्ये अडकली आहे, आता ताणून धरा, हा रझवीचा हिशेब.

छतारींनी राजीनामा दिला, नवं शिष्टमंडळ गेलं आणि महिनाभराने, २९ नोव्हेंबरला, जवळपास तोच मसुदा सही होऊन आला. एक वर्ष सगळं जैसे थे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण इंग्रजांच्या वेळेसारखंच. दोघांनी एकमेकांकडे प्रतिनिधी नेमायचे, वाद झाला तर लवाद. कागद चांगला होता. पण हैदराबादने पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिलं, व्यवहारात भारतीय चलनाला बंदी केली. भारताने मालाची नाकेबंदी केली. लवाद काही बसला नाही.

या बोलण्यांत रयतेला कोणी विचारलं? करारावर सही झाली तेव्हा स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. १९४८ च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात रझवीच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, म्हणजे रझाकारांनी, कत्तल केली. माणसं गाव सोडून सोलापूर-बार्शीकडे गेली. जूनमध्ये तडजोडीचा शेवटचा मसुदा निजामाने नाकारला, माउंटबॅटन मायदेशी परतले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद हैदराबादची तक्रार ऐकत होती. १७ ला निजाम शरण आला. त्यानंतर बीदर, उस्मानाबाद, नांदेडच्या गावांत रझाकारांशी काडीचा संबंध नसलेली मुसलमान कुटुंबंही मारली गेली. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते लिहून ठेवलं. अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला.

माझ्या मते निजामाने ऑक्टोबरातच सही करून रझवीला आवरलं असतं, तर इतकं रक्त सांडलं नसतं. दिल्लीलाही त्या वर्षात वेळच काढायचा होता, हेही खरं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आपल्याकडे दरसाल भाषणं होतात. शिक्षकांनी त्यात २९ नोव्हेंबरचा करार आणि सप्टेंबरनंतरचे मृत, दोन्ही मुलांना सांगावेत.