हेअरस्टन, नेल्सन
(१९१७–२००८). अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिक. मिशिगन व पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक. दक्षिण ॲपालाचियन पर्वतातील सॅलॅमँडर हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. ओल्या पालापाचोळ्यात वावरणाऱ्या या उभयचरांना फुप्फुसे नसतात. ते त्वचेने श्वसन करतात. ग्रेट स्मोकी डोंगरांत एक जात माथ्याकडे, दुसरी खालच्या उतारावर राहते आणि दोन्ही एकत्र आढळतात तो पट्टा अगदी अरुंद असतो. बाल्सम डोंगरांत मात्र तो खूप रुंद. दोन जातींमधली सीमा हवामान ठरवते की स्पर्धा? हेअरस्टन यांनी दोन्ही डोंगरांतील ठरावीक जागांवरून वरची जात पाच वर्षे वेचून काढली, तेव्हा दुसरीची संख्या वाढली; म्हणजे तिला स्पर्धा रोखत होती. स्मोकीत परिणाम अधिक तीव्र होता. स्मिथ व स्लोबॉडकिन या सहकाऱ्यांसह लिहिलेला त्यांचा १९६० चा निबंध जास्त गाजला. पण रानातला हा चिकाटीचा प्रयोगच त्यांचे अधिक मोलाचे काम होय.