एका नदीतले दोन मासे

1938 साली दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात सीलाकँथ सापडला, ही गोष्ट वर्गात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो : मग एखाद्या दूरच्या नदीतही असा आदिम मासा अजून दडलेला असेल का? 'असेलही' एवढ्या उत्तराने आमचे समाधान होत नाही. असा दावा तपासायचा कसा, हे ऑस्ट्रेलियातील बर्नेट नदी छान शिकवते.

क्वीन्सलँडमधल्या या नदीत मोठ्या खवल्यांचा एक मासा मिळे. तिथले आदिवासी त्याला पूर्वापार ओळखत. गोरे वसाहतवाले त्याला 'बर्नेट सामन' म्हणत आणि आवडीने खात. विल्यम फॉर्स्टर या जमीनदाराने सिडनीच्या संग्रहालयाचे प्रमुख जेरार्ड क्रेफ्ट यांना त्याचे वर्णन सांगितले. पण त्यांना ते पटले नाही. 1870 मध्ये प्रत्यक्ष मासा हाती आला. क्रेफ्ट यांनी जबडा उघडला, तर आत कंगोरे असलेल्या दंतपट्ट्या! अशाच जीवाश्म दातांवरून लुई अ‍ॅगासी यांनी 1830 च्या दशकात 'सेरॅटोडस' हे नाव दिले होते. आपल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील ट्रायासिक खडकांतही ते सापडले आहेत. केवळ दगडात उरला असे वाटणारा फुप्फुसमासा जिवंत होता. क्रेफ्ट यांनी नव्या जातीला फॉर्स्टर यांचेच नाव दिले.

दोनच वर्षांनी, 1872 मध्ये, त्याच नदीकाठच्या गेंडा गावी ब्रिस्बेनच्या संग्रहालयाचे प्रमुख कार्ल स्टायगर यांच्या ताटात लांब, चपट्या चोचीचा मासा आला. त्यांनी त्याचे चित्र काढून घेतले आणि मासा खाऊन टाकला! त्या चित्रावरून कास्टेलनाउ यांनी 1879 मध्ये 'ओम्पॅक्स' ही नवी प्रजाती जाहीर केली. ती अनेक वर्षे माशांच्या याद्यांत राहिली. 1930 च्या सुमारास उलगडा झाला, की ती थट्टा होती : प्लॅटिपसची चोच आणि निरनिराळ्या माशांचे तुकडे जोडून तो 'मासा' बनवला होता.

गंमत पाहा. जमीनदाराचे खरे बोलणे नाकारले गेले, आणि संग्रहालय-प्रमुखाने पाठवलेले खोटे चित्र स्वीकारले गेले. सांगणारा कोण, यावर निकाल लावला की असे होते. पहिला मासा कापून, दात जुळवून पुन्हा तपासता येत होता. दुसरा पोटात गेला होता.

म्हणून विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला, तर त्याला हसू नये. नदीकाठचे लोक काय सांगतात ते आधी ऐकावे, आणि मग विचारावे : नमुना कुठे आहे?