ट्रायजेमिनल न्यूरिनोमा

कवटीच्या तळाशी, पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या आवरणातील श्वान पेशींपासून वाढणारी सौम्य गाठ. कवटीतील सर्व गाठींत हिचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. एवढ्या विरळ गाठीवरचे महत्त्वाचे काम मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाले.

निदान : वाढ अतिशय सावकाश. गालाला, ओठाला मुंग्या किंवा बधिरपणा. पुढे घास चावताना जबडा दुबळा पडणे. सहाव्या तंत्रिकेवर दाब आल्यास एकाचे दोन दिसणे. दुखतेच असे नाही, म्हणून रुग्ण उशिरा येतो. तोवर एखादी दाढ निष्कारण काढलेली असू शकते. रायगड जिल्ह्यात चेहऱ्याचा बधिरपणा सांगणाऱ्याचा कुष्ठरोगही तपासावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये पेट्रस हाडाचे टोक झिजलेले दिसते. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ उजळते. कवटीच्या मधल्या व मागच्या अशा दोन्ही खळग्यांत पसरली असल्यास तिचा आकार डंबेलचा. याच जागी वाढणाऱ्या इतर गाठींपैकी एपिडर्मॉइड सहसा कॉन्ट्रास्ट घेत नाही, पण डिफ्यूजन चित्रात चकाकतो. मेनिंजिओमा वेगळा ओळखणे त्यामानाने अवघड.

शस्त्रक्रिया : डंबेलच्या दोन्ही भागांसाठी पूर्वी अनेकदा दोन वाटांनी जावे लागे. तेव्हा केईएममध्ये असलेले न्यूरोसर्जन अतुल गोयल (मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या स्थिरीकरणामुळे अधिक परिचित) यांनी १९९५ मध्ये ड्यूरा या मेंदूवरील आवरणाच्या दोन थरांमधून जाणारा मार्ग मांडला. गाठ बहुधा या थरांतच राहते. त्यामुळे थर न सोडता पोखरत गेल्यास मेंदू फारसा ओढावा लागत नाही आणि कॅरोटिड धमनी व कॅव्हर्नस सायनस यांना इजा होण्याचा धोका कमी होतो. गोयल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ नियतकालिकात ७३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. विरळ गाठीसाठी ही संख्या मोठीच. शस्त्रक्रियेनंतरही बधिरपणा राहू शकतो. चिकटलेला अंश काढावा की ठेवावा, यावर एकमत नाही.

कर्जत व खालापूर : रायगडच्या या तालुक्यांतील रुग्णाची पहिली तपासणी कर्जतच्या उपजिल्हा किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात, पुढे लोकलने परळच्या केईएमला. उपचारांचा खर्च उचलणाऱ्या, २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे.

किरणोपचार : लहान किंवा उरलेल्या गाठीसाठी गॅमा नाइफ, मुंबईत हिंदुजा रुग्णालयात १९९७ पासून.