सार्वजनिक शाळा आणि धर्मस्वातंत्र्य : वुडचा खलिता ते कलम २८

प्रस्तावना

शाळेत धर्मशिक्षण असावे काय, हा प्रश्न भारतात संविधानापूर्वी शंभर वर्षे चर्चेत होता. आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य आणि शाळेतील धार्मिक उपचारांपासून अलिप्त राहण्याचे स्वातंत्र्य या त्याच्या दोन बाजू होत. या चर्चेत पालकाच्या संमतीला कोणते स्थान मिळाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वासाहतिक तटस्थता

मुंबईत १८३९ साली मिशनरी शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. मिशनरी शाळांविषयी पालकांच्या मनात धास्ती निर्माण झाली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण ऐहिक स्वरूपाचेच राहील, असे स्पष्ट केले. बायबल ग्रंथालयात ठेवण्यास आणि विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने विचारलेल्या शंकांना शाळेच्या वेळेबाहेर उत्तरे देण्यास मात्र हरकत नव्हती. खाजगी शाळांना ऐहिक शिक्षणाच्या आधारे अनुदान मिळणार होते. तेथील धर्मशिक्षणात सरकार लक्ष घालणार नव्हते. त्यामुळे मिशनरी शाळांनाही अनुदानाचा मार्ग खुला झाला.

१८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धार्मिक बाबतीत हस्तक्षेप न करण्याचे आश्वासन देण्यात आले. या तटस्थतेमागे प्रजेचा असंतोष टाळण्याची राजकीय दक्षता प्रामुख्याने होती. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने, गावात त्या दर्जाची एकच शाळा असून तेथे धर्मशिक्षण दिले जात असल्यास पालकाला आपल्या मुलास त्यातून काढून घेण्याची मुभा असावी, अशी शिफारस केली. येथे धर्मशिक्षण हा नियम होता, सूट हा अपवाद. ती मागण्याचा भार पालकावरच होता.

संविधानसभेची भूमिका

७ डिसेंबर १९४८ रोजी संविधानसभेत या विषयावर चर्चा झाली. करातून आलेला पैसा धर्मशिक्षणासाठी वापरणे अयोग्य आहे; देशातील धर्मांची विविधता पाहता सर्वांची सोय करणे अशक्य आहे; आपलाच मार्ग खरा मानणाऱ्या परस्परविरोधी शिकवणुकी एकाच शाळेत आणल्यास शांतता धोक्यात येईल, अशी मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केली. त्यातून आकारास आलेल्या कलम २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. राज्याचे प्रशासन असलेली, परंतु धर्मशिक्षणाची अट असलेल्या दानातून वा न्यासातून स्थापन झालेली संस्था यास अपवाद आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत कोणासही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धर्मशिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही.

हा बदल मूलगामी होता. हंटर आयोगाच्या शिफारशीत पालकाने नकार द्यावयाचा होता. संविधानाने आधी संमती मिळविण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली. मौनाचा अर्थ होकार, असा त्यानंतर घेता येत नाही.

न्यायालयीन निर्णय

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन भावंडांना न्याय दिला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे गात नसत; त्यांना शाळेतून काढणे न्यायालयाने असंवैधानिक ठरविले. २००२ साली याच न्यायालयाने विविध धर्मांविषयीचे शिक्षण आणि विशिष्ट धर्माची शिकवण यांत भेद केला. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात, प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

समारोप

हे निर्णय मिळविण्यासाठी संबंधितांना न्यायालयापर्यंत जावे लागले, ही बाब विचार करण्याजोगी आहे. कलम २८ ने पालटलेला क्रम शाळांच्या परिपाठात पुरेसा रुजलेला दिसत नाही. प्रार्थनेला सर्वांची संमती गृहीत धरली जाते आणि वेगळे उभे राहणाऱ्यालाच कारण विचारले जाते. प्रवेशाच्या वेळी पालकाची लेखी संमती घेणे आणि सहभागी न होणाऱ्याकडे दोषदृष्टीने न पाहणे, एवढे जरी शाळांनी केले तरी संविधानकारांचा हेतू बऱ्याच अंशी साध्य होईल. अध्यापक-शिक्षणाच्या अभ्यासक्रमात या इतिहासाचा समावेश होणे म्हणूनच अगत्याचे आहे.