ताऱ्यांचा पट आणि सावित्रीचें खोरें



बुद्धिबळाचा पट आपल्या सुशिक्षित घरांत परका नाहीं. चौसष्ट घरांच्या त्या भूमीवर आजोबा व नातू समोरासमोर बसले, म्हणजे घरांतील वडील माणसें कौतुकानें पाहतात. पण तोच नातू संगणकाच्या पडद्यावर हजार ताऱ्यांचें राज्य सांभाळीत मध्यरात्रीपर्यंत जागूं लागला, म्हणजे त्याच वडील माणसांच्या कपाळाला आठी पडते. ह्या दोन खेळांत कांहीं नातें आहे काय, आणि त्या नव्या खेळांतून आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहण्याची कांहीं दृष्टि मिळते काय, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं ताऱ्यांपासून निघून आपणांस रायगड जिल्ह्यांतील महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांत उतरावें लागेल. ही उडी प्रथमदर्शनीं विलक्षण वाटेल. परंतु ती निष्कारण नाहीं, हें पुढें दिसून येईल.

युद्ध पटावर मांडण्याची हौस फार जुनी आहे. आपल्या चतुरंगांत हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीं चारही अंगें होतीं. भूमि मात्र नव्हती. त्या पटावर डोंगर नाहीं, नदी नाहीं, आणि प्रतिपक्षाचें प्रत्येक मोहरें उघड्या डोळ्यांपुढें असतें. ही उणीव प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ ह्या तरुण अधिकाऱ्यानें भरून काढली. वडिलांच्या कल्पनेस पूर्ण रूप देऊन त्यानें १८२४ मध्यें 'क्रीगस्पील' म्हणजे युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत प्रदेशाचा नकाशा हाच पट. आणि शत्रूचें जें सैन्य नजरेच्या टप्प्यांत नसेल, तें पंचानें खेळाडूस दाखवावयाचें नाहीं. पुढें संगणक आला व पंचाचें काम यंत्राकडे गेलें. सिड मायर ह्यांचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ मध्यें निघाला. १९९३ मध्यें 'मास्टर ऑफ ओरायन' निघाला आणि पट पृथ्वी सोडून नक्षत्रलोकांत गेला. त्याच वर्षीं अ‍ॅलन एमरिच ह्या समीक्षकानें ह्या जातीच्या खेळांचें लक्षण चार क्रियापदांत सांगितलें: शोधणें, पसरणें, संपत्ति उपसणें आणि शत्रूचा उच्छेद करणें.

ह्या कुळांतील आज सुप्रसिद्ध असलेला खेळ म्हणजे स्टॉकहोम येथील मंडळींनीं २०१६ मध्यें काढलेला 'स्टेलॅरिस'. खेळाडूस आरंभीं एक ग्रह व कांहीं थोडीं जहाजें मिळतात. भोंवतालचें आकाश अज्ञात असतें. तें हळूहळू उजळत न्यावयाचें, खनिजें, धान्य व ऊर्जा ह्यांचा जमाखर्च ठेवावयाचा, शेजाऱ्यांशीं तह करावयाचा किंवा लढावयाचें. आरमार ठेवावें तर त्याचा रोजचा खर्च भागवावा लागतो. हें सर्व ऐकून कोणत्याही जुन्या फडणिसास आपल्या दप्तराची आठवण झाली असती.

ह्या खेळाच्या इतिहासांत एक गोष्ट घडली, ती आपल्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. प्रारंभीं ताऱ्याताऱ्यांमधून प्रवास करण्याच्या तीन रीती होत्या, व त्यांतील एका रीतीनें जहाजांना वाटेल त्या दिशेनें जातां येई. परिणाम असा झाला कीं, सीमा म्हणून कांहीं राहिलीच नाहीं. कोठेंही ठाणें बांधलें तरी शत्रू बाजूनें निघून जाई. म्हणून २०१८ मध्यें कर्त्यांनीं सर्व जहाजांना ठराविक आकाशमार्गांवरच बांधून टाकलें. मार्ग आले, तशा खिंडी आल्या. खिंडी आल्या, तसा गडाला अर्थ आला. विस्तीर्ण अवकाशांतही राज्य क्षेत्रफळावर तोलावयाचें नसून वाटांवर तोलावयाचें असतें, हा सिद्धांत त्या मंडळींना अनुभवानें स्वीकारावा लागला.

हाच सिद्धांत सावित्रीच्या खोऱ्यांत निसर्गानेंच लिहून ठेवलेला आहे. महाबळेश्वरीं उगम पावून सावित्री पोलादपुरावरून महाडास येते आणि बाणकोटपाशीं समुद्रास मिळते. पूर्वीं भरतीच्या पाण्यावर लहान गलबतें खाडीनें वर येत, आणि त्यामुळें समुद्रापासून आंत असूनही महाड ही व्यापाराची पेठ झाली. तेथून माल बैलांच्या पाठीवर चढे. पोलादपुराहून पारघाटानें वर जावें, कोयनेच्या खोऱ्यांत जावळीच्या रानांत शिरावें, रडतोंडीचा घाट चढून महाबळेश्वरचा माथा गांठावा आणि पलीकडे वाईस उतरावें, असा तो मार्ग. उत्तरेस वरंधा घाट भोरकडे जातो. दक्षिणेस कशेडीचा घाट खेडकडे. चहूंकडे कडे उभे असल्यामुळें वाटा मोजक्याच. आणि जो त्या मोजक्या वाटा धरील, त्याच्याच हातीं देश व कोंकण ह्यांमधील दार राहील.

सतराव्या शतकाच्या मध्यास हें दार जावळीच्या मोऱ्यांच्या हातीं होतें. जावळीचा मुलूख फार सुपीक नव्हता. त्याची किंमत त्याच्या जागेंत होती. जानेवारी १६५६ मध्यें शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली. चंद्रराव मोरे रायरीच्या किल्ल्यावर गेला, आणि त्याच वर्षीं रायरीही महाराजांच्या हातीं आली. तीच पुढें रायगड झाली, व ६ जून १६७४ रोजीं तेथें राज्याभिषेक झाला. पारघाटाच्या माथ्यावर भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळे ह्यांच्या देखरेखीखालीं प्रतापगड उभा राहिला. पडद्यावर ताऱ्यांचा पट मांडून बसलेल्या आपल्या नातवास ही हकीगत सांगा. तो लगेच म्हणेल कीं, ह्याहून योग्य खेळी दुसरी नव्हती.

१० नोव्हेंबर १६५९ चा प्रसंगही त्यास कळेल. वाईच्या मोकळ्या मैदानांत अफजलखानाचें सैन्य, त्याचे हत्ती व तोफा भारी होत्या. तोच खान रडतोंडीचा घाट उतरून पारच्या खोऱ्यांत आला, तेव्हां संख्येचें बळ अरुंद वाटेवर विखुरलें गेलें. कोणत्या झाडीमागें किती मावळे आहेत, हें त्यास दिसत नव्हतें. महाराजांस त्याची छावणी गडावरून दिसत होती. राइसविट्झनें पंचाच्या हातीं दिलेला अज्ञानाचा पडदा तो हाच.

येथवर खेळ आणि इतिहास हातांत हात घालून चालतात. येथून पुढें मात्र त्यांच्या वाटा फुटतात, आणि माझ्या मतें खरा विचार येथेंच सुरू होतो.

पहिली गोष्ट पावसाची. ताऱ्यांच्या पटावर ऋतु नाहींत. सह्याद्रीच्या ह्या उतारावर मृग बरसला कीं घाट बंद होत, नद्या फुगत, गलबतें किनाऱ्याला ओढून ठेवावीं लागत. आणि मोहिमा दसऱ्यास निघत. राज्याभिषेकाच्या सुमाराचें, चिपळूणनजीकच्या छावणीस महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. साठविलेलें वैरण-दाणा आतांच उधळला तर ऐन पावसाळ्यांत मिळणार नाहीं, घोडीं मरतील, आणि मग लष्करचे लोक कुणब्यांच्या घरांतून दाणा, गवत, भाजी उचलूं लागतील. तसें झालें तर रयतेस हे मोंगलांहून वाईट वाटतील, असा त्याचा आशय आहे. जळती वात उंदीर ओढून नेईल व गवताची गंज पेटेल, इथपर्यंत त्यांत सावधगिरी सांगितली आहे. संगणकाचा खेळाडूही वैरणीचा हिशेब करतो. पण त्याच्या हिशेबांत कुणबी नसतो.

दुसरी गोष्ट झाडांची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड कसें आणावें तें सांगितलें आहे. तेथें आंबा व फणस हीं झाडें रयतेकडून जबरीनें तोडूं नयेत असा निर्बंध आहे; कारण तीं झाडें रयतेनें पुष्कळ वर्षें लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. पडद्यावर लांकूड किंवा खनिज हा केवळ एक आंकडा असतो. अमात्यांस त्या आंकड्यामागें झाड लावणारा माणूस दिसला.

तिसरी गोष्ट मनुष्यांची. महाडकडील मुरारबाजी देशपांडे आधीं मोऱ्यांच्या पदरीं होते. जावळी पडल्यावर ते महाराजांकडे आले, आणि १६६५ मध्यें पुरंदर राखतांना धारातीर्थीं पडले. कालचा शत्रू आज आपल्यासाठीं प्राण देतो, ही किमया वाट जिंकून होत नाहीं. माणूस जिंकून होते. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें तानाजी मालुसऱ्यांचें गांव. पटावर एक सेनापति पडला तर दुसरा नेमतां येतो. उमरठ साडेतीनशें वर्षें तानाजींना विसरलेलें नाहीं. ह्याला त्या खेळांत घर नाहीं.

ह्या न दिसणाऱ्या बळाची कसोटी १६८९ मध्यें लागली. संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड मोंगलांनीं घेतला, येसूबाई व बाल शाहू कैदेंत पडले. नकाशावर पाहणाऱ्यानें हें राज्य संपलें असाच निकाल दिला असता. औरंगजेब १६८१ मध्यें दक्षिणेंत उतरला होता. एवढा मोठा पट आणि एवढीं साधनें त्या काळीं हिंदुस्थानांत दुसऱ्या कोणापाशींही नव्हतीं. त्यानें गडामागून गड घेतले, आणि १७०७ मध्यें अहमदनगराजवळ मरण पावला, तेव्हांही युद्ध संपलेलें नव्हतें. गड हे राज्याचें सार होते खरे. परंतु त्या गडांवर पुन्हा चढणारी माणसें त्याच्या मोजणींत आलीं नव्हतीं.

आणखी एक दिवस सांगून मी पुरें करतों. २० मार्च १९२७ रोजीं ह्याच महाडांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्या दिवशीं नकाशावरची एकही सीमा हलली नाहीं, एकही गड पडला नाहीं. तरी ह्या खोऱ्याच्या सबंध इतिहासांत त्याहून मोठी घटना दाखविणें कठीण आहे. शोधणें, पसरणें, उपसणें व उच्छेद करणें, ह्या चार क्रियापदांत तिला कोठेंही जागा नाहीं.

ह्यावरून मुलांच्या हातून तो खेळ काढून घ्यावा, असें मी म्हणत नाहीं. अंतर, खर्च, वाट व अज्ञान ह्यांचें भान त्यांतून येतें, आणि आपल्या शाळांतील इतिहासाच्या पुस्तकांतून तें क्वचितच येतें. सनावळी पाठ करणाऱ्या मुलापेक्षां खिंडीचें महत्त्व जाणणारा मुलगा जावळीच्या प्रकरणाजवळ लवकर पोंचेल. फक्त त्यानें एखादा ग्रह जिंकून आपल्या रंगानें रंगविला, म्हणजे त्याला शांतपणें एक प्रश्न विचारावा: तेथें राहणाऱ्या लोकांचें पुढें काय झालें? यंत्र त्याचें उत्तर एका आंकड्यानें देईल. तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं, तर तो इतिहासाचा विद्यार्थी झाला असें खुशाल समजावें.