कोल्हा होण्याचा परवाना

सोंग घ्यायला परवानगी लागते, असे आपल्याकडे कोणी ऐकले नसेल. बहुरूपी हवालदार होऊन दारात येतो, तुमच्या नावाचे वॉरंट काढतो, आणि बिदागी घेऊन शेजारच्या दारात जातो. हा हवालदार होण्याचा दाखला पोलीस ठाण्यातून आणलास काय रे, असे त्याला कोणी विचारत नाही. दशावतारात दिवसा नांगर धरणारा गडी रात्री संकासुर होतो, त्याच्याही हाती कसला कागद नसतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, एवढा एकच नियम आपल्या पूर्वजांनी करून ठेवला. बाकी सगळी मुभा.

अमेरिकेत मात्र अशी एक मंडळी आहे, जिच्यात कोल्ह्याचे सोंग घ्यायचे तर कागद दाखवावा लागे. कोल्हाच काय, वानर व्हायचे तरी कागद! हा इतिहास मला प्रथम भाच्याकडून कळला. तो तिकडे गेली कित्येक वर्षे नोकरी करतो, आणि नोकरीतून उरलेला वेळ या सोंगांत घालवतो. (त्याची आई, म्हणजे माझी बहीण, याच्या नेमके उलट सांगते.)

आधी खेळ समजून घेऊ. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी भुरटा चोर. सूत्रधार म्हणतो, ‘‘समोर खोल दरी आहे.’’ गडी म्हणतो, ‘‘मी उडी मारतो.’’ मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि दरीपार गेलो की दरीत गेलो ते पाहायचे. पात्र जगले तर अनुभव साठून त्याची इयत्ता वाढते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा खेळांतला छापून विकला गेलेला पहिला. तो १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या जोडीने बाहेर काढला.

घरच्या घरी खेळताना भांडण नव्हते. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू जोशांच्या गच्चीवर गेला तर चौकार की बाद, हे ती गल्लीच ठरवते. तसाच हा प्रकार. सूत्रधार हो म्हणाला की झाला तुम्ही कोल्हा!

भानगड सुरू झाली ती गल्लीबाहेर पडल्यावर. १९८० साली खेळाच्या कंपनीने खेळाडूंची एक संघटना काढली. १९८७ च्या सुमारास या संघटनेने ‘लिव्हिंग सिटी’ नावाचा उपक्रम आणला. रेव्हन्स ब्लफ नावाचे एक काल्पनिक शहर, आणि तुमचे पात्र या गावच्या टेबलावरून त्या गावच्या टेबलावर न्यायची सोय. आज इथे खेळा, पुढल्या महिन्यात पाचशे मैलांवर परक्या माणसांत खेळा, पात्र तेच, त्याची कमाईही तीच.

आता परका माणूस टेबलावर बसतो आणि सांगतो, ‘‘माझ्याकडे एक तलवार आहे, ती हाक मारली की पेट घेते.’’

‘‘कुठं मिळाली?’’

‘‘मागच्या रविवारी. दुसऱ्या गावी. राक्षसाच्या गुहेत.’’

विश्वास कसा ठेवायचा? म्हणून प्रमाणपत्रे निघाली. ज्या तलवारीचे प्रमाणपत्र आहे ती तलवार आहे, ज्या तलवारीचे नाही ती तलवार नाही. तलवारीचा सातबाराच म्हणा ना!

पुढे २००० साली ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ आले, ते २००८ पर्यंत चालले. त्यात खऱ्या जगाचे प्रांत काल्पनिक राज्यांना वाटून दिलेले. एका प्रांताची म्हणून लिहिलेली साहसे त्या प्रांतात जाऊनच खेळायची. म्हणजे कल्पनेतल्या राज्याची सीमा ओलांडायला खरी मोटार काढून खरे पेट्रोल जाळावे लागे. आपल्याकडे माणसे देवदर्शनाला जातात तशी ही माणसे तलवारदर्शनाला जात.

त्याच २००८ च्या ऑगस्टमध्ये, इंडियानापोलिसच्या ‘जेन कॉन’ या खेळांच्या जत्रेत, पैझो या प्रकाशन कंपनीने ‘पाथफाइंडर सोसायटी’ सुरू केली, आणि कागदाच्या या कारभाराला बहर आला. प्रत्येक साहसानंतर सूत्रधार एक ‘क्रॉनिकल शीट’ भरून, सही करून देई. त्यावर तारीख, सभासद क्रमांक, अनुभवाचा एक गुण, आणि कोणती वस्तू विकत घ्यायला आता मोकळीक आहे त्याची यादी. तीन गुण झाले की एक इयत्ता वर. जास्तीचे काही नियम एखाद्या पुस्तकातून घेतले असतील तर ते पुस्तकही बगलेत मारून न्यायचे. ते विकत घेतलेले हवे, शेजाऱ्याचे चालत नसे.

आणि कोणाचे सोंग घ्यायचे, याचीही यादी. माणूस, बुटका, एल्फ वगैरे सात मूळ कुळे कोणालाही खुली. वरची दोनचार वेळोवेळी खुली. बाकी कुळे बंद! या बंद यादीत कोण कोण असावे? २०११ च्या एका पुस्तकात या खेळात ‘वानर’ आले, चक्क त्याच नावाने. ‘विषकन्या’ही आली. पण सोसायटीच्या खुल्या यादीत त्यांची नावे नव्हती. सेतू बांधताना रामाने कोणाकडे कागद मागितल्याचे वाल्मीकींनी लिहिलेले नाही. इथे मात्र हनुमंताच्या भाऊबंदांना दारात अडवीत होते.

‘‘अरे, पण का?’’ मी भाच्याला विचारले. ‘‘सगळं तोंडीच चाललंय. कोल्हा झाला एखादा, तर तुमच्या काकाचं काय गेलं?’’

‘‘मामा, असं बघ,’’ तो म्हणाला. ‘‘दरी कशी ओलांडायची यावर तू तासभराचं साहस रचलंयस. आणि एक गडी म्हणतो, मला पंख आहेत, मी उडून जातो. काय करशील?’’

त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नव्या संघटित खेळातही २०१५ साली पक्षीमानवाला याच कारणावरून बाहेर ठेवले. पहिल्याच इयत्तेत उडणारा गडी म्हणजे लंगडीच्या डावात सायकलवरून आलेला गडी!

पण खरे कारण दुसरे होते, ते मला हळूहळू उमगले. हा सगळा डोलारा सूत्रधारांच्या जिवावर उभा, आणि बहुतेक सूत्रधार म्हणजे बिनपगारी हौशी माणसे. चारपाच तासांचे साहस आधी घरी वाचायचे, नकाशे काढायचे, आणि जत्रेत सकाळ-दुपार-रात्र परक्या माणसांसमोर घसा कोरडा करायचा. यांना द्यायचे काय? दहा डाव चालवले की नावापुढे एक तारा, तीस झाले की दोन, दीडशेला पाचवा. पण ताऱ्यांनी पोट भरत नाही, हे शाळेतल्या वहीपासून आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मोठ्या जत्रेत डाव चालवणाऱ्याला एक कागद मिळे. त्यावर बंद यादीतल्या एखाद्या कुळात जन्म घ्यायची मुभा. या कागदाला त्यांच्यात ‘बून’ म्हणतात. बून म्हणजे वर! तपश्चर्या करावी, देव प्रसन्न व्हावा, आणि वर मिळावा, हा आपला जुनाच व्यवहार. फरक इतकाच, की हिरण्यकशिपूच्या वरावर सभासद क्रमांक नव्हता.

पण आपल्या पुराणांत एक सोय होती. तप कुठेही करता येई. हा वर मात्र जत्रेतच मिळायचा. ज्याच्या गावाजवळ मोठी जत्रा नाही, ज्याला रजा नाही, विमानाचे भाडे परवडत नाही, त्याने गावच्या वाचनालयात वर्षभर दर शनिवारी डाव चालवला तरी त्याच्या हाती साधा कागदच. वर म्हणून जे दिले जाई, ते श्रमाचे मोल होतेच, पण प्रवासखर्चाचेही होते.

भाच्याच्या शनिवारच्या टेबलावर एक निवृत्त पोस्टमन येत असत. वय सत्तरीच्या पुढे, बायको गेलेली. अठ्ठावीस वर्षे कुत्र्यांपासून पाय वाचवीत टपाल वाटलेले. त्यांना खेळात कोल्हा व्हायचे होते. कित्सुने म्हणून जपानी कोल्हे आहेत, ते माणसाचे रूप घेतात. ‘‘कुत्र्यांना एकदा दुसऱ्या बाजूने भेटायचंय,’’ असे ते म्हणत. पण जत्रेला जाण्याइतके गुडघे उरले नव्हते, त्यामुळे दर शनिवारी निमूटपणे शिपाईगडी होत. भाचा एका जत्रेला गेला, तीन दिवस डाव चालवले, कोल्ह्याचा कागद मिळवला, आणि परत येऊन तो त्यांच्या हाती ठेवला. असा कोरा वर दुसऱ्याला देता येई. पोस्टमनसाहेबांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. जन्मभर दुसऱ्यांची पत्रे वाटलेला माणूस, त्याला हे टपाल आपल्या नावचे आहे यावर विश्वास बसेना.

मग आला २०१४ चा ऑगस्ट. सोसायटीने जाहीर केले, आतापर्यंत खुली असलेली देवांशी आणि दैत्यांशी ही दोन कुळे बंद, आणि त्यांच्या जागी कित्सुने, नागाजी (नावावरूनच ओळखा, आपल्या नागांचे भाचेबंद!) आणि वायांग ही तीन सर्वांना खुली. अंतिम तारखेपूर्वी ज्या पात्राच्या नावे निदान एक गुण लागला असेल ते टिकणार. झाले! मुदत संपायच्या आत अर्ज टाकायला जशी झुंबड उडते, तशी देवांच्या आणि दैत्यांच्या वंशजांची एकाच रांगेत झुंबड उडाली.

इकडे कोल्ह्याच्या कागदाचा भाव एका दिवसात उतरला. भाच्याला वाटले, म्हातारबुवा खट्टू होतील. तीन दिवस घसा फोडून आणलेली वस्तू आता कोणालाही फुकट! पण ते नव्या पोरांना ऐटीत सांगत, ‘‘मी कागदावरचा कोल्हा आहे. तुम्ही आपले नुसतेच.’’

खरी गंमत गॉब्लिनची. पैझोच्या गोष्टींतले हे गॉब्लिन २००७ पासून गाजलेले. आगी लावणारे, कुत्र्याघोड्यांना भिणारे, गाणी म्हणणारे. त्यांची एक ठाम समजूत असते, की लिहिल्याने डोक्यातले शब्द चोरीला जातात. म्हणून ते अक्षराला आणि कागदाला घाबरतात. आणि सोसायटीत सर्वांत दुर्मिळ वरांपैकी एक म्हणजे गॉब्लिन होण्याचा वर! कागदाला पाहून पळणाऱ्या प्राण्याचे सोंग घ्यायला कागद हवा. आपल्या सरकारी कचेऱ्यांनाही हे सुचले नसते.

शेवटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये खेळाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि गॉब्लिन मूळ कुळांत जाऊन बसला. आता कोणीही व्हावे. त्या आवृत्तीत पुढे गुणांची पासबुकपद्धत आली. डाव खेळलात की गुण जमा, डाव चालवलात तर दुप्पट, आणि साठलेले गुण खर्चून बंद कुळाचे दार उघडायचे. जत्रेत थोडे अधिक मिळत असतील, पण वाचनालयातला शनिवारही आता हिशेबात आला. २०२० साली साथीमुळे जत्रा बंद पडून पडद्यावर भरल्या, तेव्हा घरी बसलेल्यांचेही पासबुक भरत राहिले.

जुनी मंडळी म्हणतात, यात पूर्वीची मजा नाही. पूर्वी कोल्हा दिसला की टेबलावरचे सगळे वळून पाहत. ते खरे आहे. पण वळून पाहणाऱ्यांत ज्यांना कधीच जाता आले नाही असेही होते, आणि त्यांना ही मजा कितपत वाटत होती, हे कोणी विचारले नव्हते. त्या सर्वांना जत्रेहून कागद आणून देणारा भाचा थोडाच असतो?

माझ्या भाच्याकडे मात्र आता गुणच गुण. तो डाव चालवतो अधिक, खेळतो कमी, म्हणून खर्च नाही. परवा फोनवर म्हणाला, ‘‘मामा, इकडं आलास की तुलाही टेबलावर बसवतो. वानर कर पाहिजे तर. बघ, तुला जमेल.’’

मी म्हटले, ‘‘अरे, त्याला गुण कशाला खर्चायचे? ते मला मुळातच खुलं आहे, असं तुझी मामी गेली चाळीस वर्षं सांगत आलीय.’’